अडखळलेलं मराठी बोलणं ओळखणारं मॉडेल: रेकॉर्डिंगपासून मजकूर साफ करण्यापर्यंत

‘मी, मी, मी उद्या प्-प्-पुण्याला ज्… जाणार आहे, हळू हळू सगळं आवरतोय.’

या एका वाक्यात मशीनपुढे चार निरनिराळी कामं आहेत. ‘मी’ तीनदा आला, ती शब्दाची पुनरावृत्ती. ‘प्-प्’ ही ध्वनीची. ‘ज्’पाशी आवाज बंद पडला, त्याला या क्षेत्रात सगळेच ब्लॉक म्हणतात. आणि ‘हळू हळू’ला हातही लावायचा नाही. शेजारचे सारखे शब्द उडवणारा साधा नियम लावला तर ‘मी’ साफ होतो, पण एक ‘हळू’ही जातो. मराठीत या कामाची खरी अडचण इथे आहे, मॉडेल कुठलं घ्यायचं ही त्यामानाने किरकोळ गोष्ट.

शब्दांबद्दल एक खुलासा. ‘तोतरेपणा’ हा शब्द रूढ असला तरी तो चिडवण्यासाठीच जास्त वापरला गेला आहे, म्हणून इथे ‘अडखळणं’ म्हटलंय. बोबडं बोलणं वेगळं. त्यात उच्चार बदलतो, ओघ तुटत नाही. दोन्हींचा डेटा एकत्र केला तर मॉडेल ‘र’चा ‘ल’ झालेल्या मुलालाही अडखळणारा ठरवेल.

आधी ठरवा: कशासाठी?

तीन कामं एकसारखी वाटतात, पण प्रत्येकाची बांधणी वेगळी. बोललेल्याचा स्वच्छ मजकूर हवा असेल तर ध्वनी न कापता मजकुरावरच काम करता येतं. वाचाउपचारतज्ज्ञाला मोजणी हवी असेल, म्हणजे शंभर अक्षरांमागे किती अडखळली, तर काहीही दुरुस्त करायचं नाही, फक्त जागा आणि प्रकार नोंदायचा. फोनवरच्या बोलक्या सहायकाने माणसाला मध्येच तोडू नये एवढंच हवं असेल तर कदाचित मॉडेल शिकवावंही लागणार नाही, ते शेवटी येईल. मोजणीसाठी बांधलेलं मॉडेल उपचाराचा निकाल म्हणून वापरू नका. अडखळण्याची वर्षानुवर्षं सवय असलेला माणूस अवघड शब्द टाळून दुसरा वापरतो, ‘पुण्याला’ऐवजी ‘तिकडे’ म्हणतो. रेकॉर्डिंगमध्ये ते वाक्य निर्दोष असतं.

रेकॉर्डिंग

१६ किलोहर्ट्झ, मोनो, १६ बिट, वेव्ह फाइल. माइक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’चा वारा थेट बसत नाही. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज स्वच्छ करणारी सोय बंद करा. ती सोय ब्लॉकमधला दबलेला श्वास, घशातली खरखर आणि ओठ मिटल्याचा बारीक आवाज गोंगाट समजून पुसते, आणि ब्लॉक ओळखायला नेमक्या त्याच खुणा लागतात. व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज दाबून लहान केलेले असतात. चाचणीसाठी ठेवा, शिकवण्याचा मुख्य साठा त्यांवर उभारू नका.

माणसाला खोलीत एकटं बसवून परिच्छेद वाचायला दिला की बरेच जण फारसे अडखळत नाहीत. एकट्याने किंवा दुसऱ्याबरोबर एका सुरात बोलताना अडखळणं कमी होतं, हे जुनं निरीक्षण आहे. म्हणून प्रत्येकाकडून पाच मिनिटं वाचन, दहा मिनिटं समोरासमोर गप्पा आणि पाच मिनिटं फोनवरचं बोलणं घ्या. फोनच्या भागात स्वतःचं नाव, पत्ता आणि एक बनावट मोबाइल नंबर सांगायला लावा. नावाला पर्यायी शब्द नसतो, त्यामुळे अडखळणं तिथे हमखास दिसतं.

दहा माणसं, प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे २०० मिनिटं. तीन सेकंदांचे तुकडे दीड-दीड सेकंद पुढे सरकवत कापले तर सुमारे ८,००० तुकडे होतात. पहिल्या उपयोगी मॉडेलला तेवढे पुरतात, कारण पायाभूत मॉडेल (ज्यावर आपलं उभं करायचं ते) पुष्कळ आवाजावर आधीच शिकलेलं असतं.

लेखी संमती घ्या. आवाजावरून माणूस ओळखता येतो, आणि डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. संमतीपत्रात एक ओळ हवीच: ‘माझं रेकॉर्डिंग साफ करून दुसऱ्याला ऐकवलं जाईल का?’ यावर नाही म्हणायची मोकळीक असू द्या.

खुणा करणं

सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि घाईही इथेच होते. अ‍ॅपलने २०२१ मध्ये खुला केलेला एसईपी-२८के हा इंग्रजी संच पॉडकास्टमधल्या तीन सेकंदांच्या सुमारे २८,००० तुकड्यांचा आहे. प्रत्येक तुकडा तिघांनी तपासला. खुणा पाच: ध्वनीची पुनरावृत्ती, शब्दाची पुनरावृत्ती, लांबवणं, ब्लॉक आणि ‘अं’सारखे भरणा शब्द. शब्दांच्या पुनरावृत्तीवर त्या तिघांचं बऱ्यापैकी जमलं, ब्लॉक आणि लांबवण्यावर फारच कमी. माणसांचंच एकमत नसेल तर मॉडेलकडून तिथे ९० टक्क्यांची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

मराठीसाठी हेच पाच वर्ग घ्या, पण तुकड्याला नुसतं ‘आहे-नाही’ लिहू नका. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत प्रोग्राममध्ये लेबलचा पट्टा उघडून सुरुवात आणि शेवट नोंदवा. वेळा हाताशी असल्या की तीन सेकंदांचे तुकडे कधीही करता येतात, उलट्या दिशेने जाता येत नाही. ऑडिओच्या पाच ते आठ पट वेळ धरा, म्हणजे २०० मिनिटांना एका माणसाचे सुमारे १७ ते २७ तास. तिघांनी वेगवेगळं करायचं आणि दोघांचं जुळेल ते धरायचं.

सुरुवातीलाच काही नियम कागदावर लिहून ठेवा:

‘की’, ‘तर’, ‘म्हणजे’ यांच्यानंतरची शांतता मराठीत नैसर्गिक असते, तिला ब्लॉक म्हणू नका. ‘माझ्या … घरी’सारख्या जोडीच्या पोटात २५० मिलिसेकंदांहून मोठी शांतता आली तर थांबून पुन्हा ऐका. ‘पक्का’, ‘हत्ती’, ‘डबा’ यांच्या स्फोटक व्यंजनांआधी तोंड मिटलेलं असतं आणि जोडव्यंजनात ही शांतता दीडशे-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकते. तो ब्लॉक नव्हे.

‘खूऽऽप’, ‘आईऽऽ’, ‘कित्तीऽऽ’ हे जोर देण्यासाठी लांबवलेले स्वर. अडखळून लांबवलेला ध्वनी बहुधा शब्दाच्या सुरुवातीला असतो आणि त्यात ताण ऐकू येतो: ‘सऽऽऽ-सांगतो’.

‘काका’, ‘मामा’, ‘नाना’, ‘पपई’ यांत दोन सारखी अक्षरं मुळातच आहेत. खूण करणारे चुकत नाहीत, मॉडेल चुकतं, म्हणून नातेवाइकांची चौकशी करणारी वाक्यं मुद्दाम रेकॉर्ड करून घ्या. ‘मा-मामा आले’ आणि ‘मामा आले’ ही जोडी चाचणीत हवीच.

काही ब्लॉक फक्त डोळ्यांना दिसतात: ओठ मिटलेले, मान ताणलेली, आवाज शून्य. व्हिडिओ पाहून खूण केली तर मॉडेलला ऑडिओत नसलेली माहिती शोधायला लावल्यासारखं होतं. अशा खुणांना वेगळं नाव द्या आणि पहिल्या फेरीत बाजूला ठेवा.

लिप्यंतरातही शिस्त लागते. ध्वनीच्या पुनरावृत्तीला पाय मोडून ‘प्-प्-पाणी’, अक्षराच्या पुनरावृत्तीला ‘पा-पा-पाणी’, लांबवण्याला अवग्रह (ऽ). ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘बऱ्याच’ असलं लिहिताना युनिकोडकडे लक्ष द्या. ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकला जातो: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. सगळा मजकूर एका रूपात आणला नाही तर चुकांचं प्रमाण उगाच वाढलेलं दिसतं आणि दोन दिवस मॉडेलमध्ये दोष शोधण्यात जातात.

शिकवण्याआधीचे दोन सापळे

पहिला सापळा वाटणीचा. ८,००० तुकडे फेटून ८० टक्के शिकवायला, २० टक्के तपासायला, असं केलंत तर एकाच माणसाचा आवाज दोन्हीकडे येतो. शिवाय दीड सेकंदाच्या सरकण्यामुळे शेजारच्या तुकड्यांचा निम्मा ऑडिओ एकच असतो. आकडे सुंदर येतात आणि अकराव्या माणसावर मॉडेल कोसळतं. एसईपी-२८केमध्येही काही पॉडकास्टच्या यजमानांचेच आवाज फार आहेत, म्हणून पुढच्या संशोधकांनी बोलणाऱ्यांच्या ओळखीसह त्याची नवी वाटणी तयार केली. दहा माणसांच्या संचात दर वेळी दोघांना पूर्ण बाहेर ठेवा, पाच फेऱ्या करा आणि सरासरीबरोबर सर्वांत वाईट फेरीही लिहा.

दुसरा सापळा जास्त छुपा आहे. ओघवत्या मराठीसाठी गुगलचा ओपनएसएलआर ६४ हा संच सहज मिळतो. तो वाचलेल्या वाक्यांचा, शांत खोलीतला, आणि त्यातले सगळे आवाज स्त्रियांचे. प्रौढांमध्ये अडखळणाऱ्या पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या साधारण चौपट असल्याने तुमच्या संचात पुरुष जास्त येणार. दोन्ही एकत्र केले की मॉडेल अडखळणं शिकतच नाही, ‘पुरुषाचा आवाज आणि पंख्याची घरघर म्हणजे अडखळणं’ एवढंच शिकतं. ओघवते तुकडे त्याच माणसांच्या त्याच रेकॉर्डिंगमधून घ्या. अडखळणारा माणूसही बहुतेक वेळ ओघवतं बोलतो, त्यामुळे तुटवडा पडत नाही.

मॉडेल

पाया म्हणून एक्सएलएस-आर घ्या, ३० कोटी पॅरामीटरचं, म्हणजे शिकताना बदलणाऱ्या तेवढ्या आकड्यांचं. फेसबुकने २०२१ मध्ये १२८ भाषांच्या आवाजावर ते शिकवलं, त्यात मराठी आहे. ४८,००० नमुन्यांचा तीन सेकंदांचा तुकडा दिला की दर २० मिलिसेकंदांना एक अशा १४९ चौकटी मिळतात, प्रत्येक १,०२४ आकड्यांची.

पहिल्या दिवशी मॉडेल गोठवून ठेवा, म्हणजे त्याचे आकडे बदलू देऊ नका. प्रत्येक तुकड्यासाठी २४ ही थरांची सरासरी आणि विचलन साठवा. निम्म्या अचूकतेत (आकड्याला दोन बाइट) ८,००० तुकड्यांचं ते जेमतेम ८०० मेगाबाइट होतं. (सगळ्या चौकटी साठवायला गेलात तर ५८ गिगाबाइट.) मग प्रत्येक थरावर एक साधं रेषीय वर्गीकरण चालवा. शेवटचा थर क्वचितच जिंकतो, मधले थर बहुधा चांगले ठरतात. लॅपटॉपवर हे काही मिनिटांत होतं आणि डेटात काही दम आहे का ते लगेच कळतं.

दम दिसला की पूर्ण शिकवणी. वर पाच सिग्मॉइड निर्गम लावा, म्हणजे प्रत्येक वर्गाला ० ते १ मधला स्वतंत्र आकडा मिळतो. वर्गांना एकमेकांशी स्पर्धा करायला लावणारा सॉफ्टमॅक्स नको, कारण एकाच तुकड्यात पुनरावृत्ती आणि ब्लॉक दोन्ही असू शकतात. शिकण्याचा वेग वरच्या भागाला ०.००१, खालच्या मॉडेलला ०.००००३, आणि खालचे ध्वनिगाळणीचे थर गोठलेलेच. एका वेळी ८ तुकडे घेतले तर १६ गिगाबाइटच्या टी४ ग्राफिक्स कार्डावर बसतं. दुर्मिळ वर्गांना वजन द्या, पण मर्यादेत. लांबवण्याचे ४०० तुकडे असतील तर हिशोबाने (उरलेले ७,६०० भागिले ४००) वजन १९ येतं. तेवढं दिलं की मॉडेल प्रत्येक लांब स्वरावर हात वर करतं. १० च्या वर जाऊ नका.

आधी एसईपी-२८केवर आणि मग मराठीवर शिकवलं तर ध्वनीच्या पुनरावृत्तीला फायदा होतो. त्या संचात खुणा मिळतात, ऑडिओ पॉडकास्टवरून स्वतः उतरवावा लागतो. इंग्रजीतले भरणा शब्द मात्र कामाचे नाहीत. ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मराठीतूनच शिकवावे लागतात.

कृत्रिम डेटा करायचा मोह होतो: ओघवतं वाक्य घ्या, शब्दाचा पहिला ध्वनी कापा, तीनदा चिकटवा. करा, पण तीन गोष्टी सांभाळा. जोडाच्या जागी १० मिलिसेकंदांचं एकातून दुसऱ्यात विरणं द्या, नाहीतर मॉडेल ‘टक्’ आवाज ओळखायला शिकतं. ब्लॉकसाठी शून्य भरू नका, त्याच खोलीतली शांतता घाला. संगणकी शून्य हे मॉडेलला दिव्यासारखं दिसतं. आणि प्रत्येक प्रत थोडी वेगळी करा, लांबीत २० टक्क्यांपर्यंत फरक, शेवटची प्रत पूर्ण, आधीच्या तुटलेल्या. चाचणीच्या संचात कृत्रिम तुकडा एकही नको.

अचूकतेचा टक्का पाहू नका. ब्लॉक १० टक्के तुकड्यांत असेल तर कधीच ‘ब्लॉक’ न म्हणणारं मॉडेलही ९० टक्के अचूक ठरतं. प्रत्येक वर्गाचा वेगळा एफ-१ (चुकीच्या खुणा आणि सुटलेल्या जागा दोन्ही धरणारा आकडा) पाहा आणि उंबरठाही, म्हणजे कितीच्या वर ‘आहे’ धरायचं तेही, वेगळा ठरवा. ०.५ हा सगळ्यांना योग्य असण्याचं काही कारण नाही.

मजकूर दुरुस्त करणं

इथे अनेक जण थेट व्हिस्पर, म्हणजे ओपनएआयचं आवाजाचा मजकूर करणारं मॉडेल, लावतात. ते इंटरनेटवरच्या साफ केलेल्या मजकुरावर शिकलेलं असल्याने ‘अं’ आणि पुनरावृत्ती आपोआप गाळतं, म्हणून पहिल्यांदा जादू वाटते. मग एखादा लांब ब्लॉक येतो आणि शांततेच्या जागी ते कोणी न बोललेलं वाक्य लिहून मोकळं होतं. काय गाळलं याची नोंदही राहत नाही. मोजणीसाठी ते निरुपयोगी, मजकुरासाठी धोक्याचं. वापरायचंच असेल तर मागच्या मजकुरावर विसंबण्याचा पर्याय बंद ठेवा आणि दीर्घ शांतता आधी आखूड करा.

त्यापेक्षा जसंच्या तसं लिहिणारं सीटीसी मॉडेल (आवाजाच्या प्रत्येक चौकटीला एक चिन्ह देणारं) बरं. एआयफॉरभारत या आयआयटी मद्रासमधल्या संशोधनगटाचं इंडिककॉन्फॉर्मर मराठीसाठी उपलब्ध आहे. भाषेचं मॉडेल (कोणता शब्द संभवतो ते सांगणारं) न जोडता चालवा, नाहीतर ते ‘प् प् पुण्याला’ला ओढूनताणून खऱ्या शब्दांत बसवतं. सीटीसी सलग आलेलं एकच चिन्ह एकदाच लिहितं, त्यामुळे ‘सऽऽऽांगतो’ बहुधा आपोआप ‘सांगतो’ होतं. लांबवण्याची दुरुस्ती फुकटात.

मग मजकुरातल्या प्रत्येक शब्दाला ‘ठेव’ किंवा ‘काढ’ असं लेबल देणारं मॉडेल. पाया म्हणून गुगलचं मुरिल किंवा पुण्याच्या एल३क्यूबचं महाबर्ट. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०२३ मध्ये थोडा खरा आणि पुष्कळ कृत्रिम डेटा वापरून बंगाली, हिंदी आणि मराठीत हेच काम दाखवलं आणि अडखळत्या बोलण्याच्या मजकुरावरही ते तपासलं. रीत तीच घ्या. फक्त कृत्रिम वाक्यं बनवताना ‘काढ’ बरोबर ‘ठेव’चीही दुहेरी उदाहरणं तेवढीच भरा:

‘कधी कधी’, ‘कोण कोण आलं’, ‘हसत हसत’, ‘बघता बघता’, ‘लहान लहान मुलं’, ‘दोन दोन लाडू’, ‘या या, बसा’, ‘नको नको’. उलट ‘पण पण’, ‘आणि आणि’, ‘मला मला’ जवळजवळ नेहमीच काढायचे. ‘मी मी’ही काढायचा, पण ‘मी मी म्हणणारे पैलवान’ आले की थांबायचं. ‘म्हणजे’ तर दुतोंडी आहे: ‘म्हणजे… म्हणजे मी येतो’मधला भरणा, ‘जंतू म्हणजे काय’मधला अर्थाचा.

अंकांसाठी कडक नियम ठेवा: अंकांच्या माळेत काहीही काढायचं नाही. ‘नऊ नऊ आठ’मधला एक नऊ गेला की फोन दुसऱ्याच घरी लागतो. अशा ठिकाणी खूण करून माणसाला विचारा.

नुसत्या मजकुरावरून ‘हळू हळू’ आणि ‘मी मी’ वेगळे होत नसतील तर आवाजातली मदत घ्या. खऱ्या द्विरुक्तीत दोन्ही प्रती एका सुरात, मध्ये न थांबता येतात. अडखळताना पहिली प्रत बहुधा तुटते आणि मध्ये फट राहते. दोन प्रतींमधली फट आणि त्यांच्या लांबीचं गुणोत्तर हे दोन आकडे शब्दासोबत मॉडेलला द्या. फटीचा पक्का उंबरठा घालू नका, सावकाश बोलणाऱ्याचा त्यात बळी जातो.

चुकीचे शब्द किती राहिले यापेक्षा खरे शब्द किती खाल्ले हा आकडा महत्त्वाचा. एखादा जादा ‘मी’ राहिला तर वाचणारा समजून घेतो, गेलेला शब्द त्याला कधीच कळत नाही. उंबरठा त्या हिशोबाने वर ठेवा.

आवाज कापायचा असेल तर

शक्यतो कापू नका. बोलणाऱ्याने स्वतः मागितलं तरच, आणि मूळ फाइल जपून. तीन सेकंदांच्या तुकड्याचं लेबल कापायला चालत नाही, अडखळणं नेमकं कुठे आहे ते त्यात नसतं. २० मिलिसेकंदांच्या चौकटींवर शिकवलेलं वेगळं निर्गम किंवा सीटीसीची जुळणी लागते. ब्लॉक १५० मिलिसेकंदांवर आणा, पूर्ण काढू नका, नाहीतर पुढचा स्फोट मागच्या स्वरावर आदळतो. ‘सऽऽ’, ‘शऽऽ’ मधून सरळ कापता येतात. ‘मऽऽ’सारखा घोष (स्वरतंतू कंप पावणारा) ध्वनी मात्र पूर्ण कंपनांच्या मापाने कापावा लागतो. १२० हर्ट्झच्या आवाजात एक कंपन साधारण ८ मिलिसेकंदांचं असतं, अर्ध्यावर कापलं की घोगरेपणा ऐकू येतो.

बोलक्या सहायकासाठी

इथे बहुतेक वेळा मॉडेलपेक्षा वाट पाहणं कामाला येतं. शांतता ऐकून ‘बोलणं संपलं’ असं ठरवणारा वेळ अनेक यंत्रणांत एका सेकंदाच्या आसपास असतो. एक ब्लॉक तेवढा सहज टिकतो. अडीच-तीन सेकंद करा. सगळ्यांना तेवढं थांबवायचं नसेल तर वाक्य अर्धवट असताना, म्हणजे शेवटी ‘ला’, ‘ने’, ‘चा’ लटकलेलं असताना किंवा क्रियापद आलेलंच नसताना, तेवढ्यापुरता वेळ वाढवा. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ही खूण इंग्रजीपेक्षा जास्त भरवशाची आहे. नाव आणि नंबर विचारणाऱ्या पायरीवर मात्र क्रियापद येतच नाही. तिथे वेळेची मर्यादा काढून टाका आणि ‘झालं’ असं एक बटण द्या.